वाचक विचारतात: स्कीचा बूट नक्की किती घट्ट हवा?

मागच्या अंकात याच सदरात गुलमर्गच्या स्की कोर्सबद्दल दोन ओळी लिहिल्या होत्या. त्यावर सोलापुरातनंच एवढे प्रश्न आलेत, आणि बहुतेक सगळे बुटांचेच, म्हणून या वेळचं पान पूर्ण बुटांना देतेय. बरंच झालं खरं तर, कारण पहिल्यांदा जाणारी माणसं जॅकेट, गॉगल, हातमोजे यावर महिनाभर विचार करतात आणि बूट मात्र काउंटरवर जो हातात येईल तो घालून निघतात.

प्रश्न: ताई, मी जुळे सोलापूरला राहते, वय २४. फेब्रुवारीत गुलमर्गला १४ दिवसांच्या बेसिक कोर्सला चाललेय, बर्फ पण पहिल्यांदाच बघणार. माझी मैत्रीण गेल्या वर्षी जाऊन आली, ती म्हणते बुटानी पायाची वाट लागते, एक नंबर मोठा घे आणि दोन मोजे घाल. मला चपलेला पाच नंबर लागतो पण पाय पुढून रुंद आहे, करंगळीला कुठलाही बूट चावतोच. बूट तिकडंच मिळणार आहेत. काउंटरवर काय बघायचं, काय बोलायचं?

उत्तर: मैत्रिणीचं एवढं एक ऐकू नकोस. तिची चूक नाही, आपल्या सगळ्यांना लहानपणापासून हेच शिकवलंय. नवी पेठेत शाळेचे बूट घ्यायला गेलं की वडील खाली वाकून बुटाच्या टोकावर अंगठा दाबून बघायचे, पुढं जागा आहे का, आणि बोटभर जागा असली तरच बूट पास. चालायच्या बुटाला ते बरोबरच आहे. स्कीच्या बुटाला नेमकं उलटं. तू गुडघा पुढं दाबलास, पाऊल जरा कडेला कलवलंस की स्की वळली पाहिजे, आणि पाय आणि स्की यांच्या मधे दुसरं काही नाही, फक्त तो बूट. बुटात पाय जेवढा हलतो तेवढं तुझं म्हणणं स्कीपर्यंत पोचतच नाही.

मी हे पायावर भोगलंय म्हणून सांगते. पहिल्या वर्षी मला भाड्याच्या दुकानात २६ चा बूट दिला, माझं पाऊल २४ सेंटीमीटरचं. आत दोन लोकरी मोजे. घातल्या घातल्या इतकं मोकळं वाटलं की मी दुसरा जोड बघितलासुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपासून प्रत्येक वळणाला पाय पुढं सरकून अंगठा प्लास्टिकवर आपटायला लागला, मग पाय धरून ठेवायचा म्हणून मी बकलं आवळत गेले, आवळल्यावर पावलाच्या वरच्या बाजूनं बोटांकडं जाणारं रक्त अडलं, बोटं बधिर झाली, आणि बधिर झाली की गार पडतातच. संध्याकाळी मोजा काढला तर उजव्या अंगठ्याचं नख मुळाशी जांभळं आणि कडेनी काळं, खाली रक्त साकळलेलं, चादर लागली तरी ठणकायचं. नडगीवर बुटाची जीभ आपटून आपटून तळहाताएवढी जागा सुजली होती. ते नख पुढं गळून पडलं आणि नवीन पूर्ण यायला जवळपास वर्ष गेलं. आणि हे सगळं सैल बुटानी केलं, घट्ट बुटानी नाही.

तर आता घरीच काय करायचं ते सांगते. संध्याकाळी, म्हणजे दिवसभर वावरून पाय थोडे फुगलेले असतात तेव्हा, भिंतीला लागून जमिनीवर कागद ठेव, अनवाणी टाच भिंतीला टेकव, सगळं वजन त्या पायावर घे आणि सगळ्यात लांब बोटापुढं पेन्सिलीनी खूण कर. काहीजणींचं अंगठ्यापेक्षा शेजारचं बोट लांब असतं, मग ते धरायचं. भिंतीपासून खुणेपर्यंत जेवढे सेंटीमीटर तोच तुझा स्कीच्या बुटाचा नंबर, याला मोंडो साइझ म्हणतात. पाच नंबर, अडतीस नंबर हे सगळं तिकडं विसरायचं, चपलेच्या नंबरावरून तक्ता बघून काढलेला नंबर बहुतेक वेळा मोठाच निघतो. दोन्ही पाय मोज, मोठा धर. समजा २३.८ आला तर २४ चा बूट माग. आणि एक गंमत लक्षात ठेव, बहुतेक कंपन्यांमध्ये २४ आणि २४.५ चं बाहेरचं प्लास्टिक एकच असतं, फरक असतो तो आतल्या मऊ बुटात नाहीतर तळव्याच्या पट्टीत, त्यामुळे "अर्धा नंबर वाढवून देतो" म्हटल्यानं फारसं काही होत नाही.

बाहेरचं कडक प्लास्टिक म्हणजे शेल आणि आतला मऊ बूट म्हणजे लायनर, हे दोन शब्द पाठ कर कारण काउंटरवर हेच लागतात. सरळ म्हण, "भैया, लायनर निकाल दीजिए, शेल फिट देखना है." हे ऐकलं की समोरचा माणूस पण जरा लक्ष देऊन बूट काढतो, माझा अनुभव आहे. मग नुसत्या शेलमध्ये पातळ मोजा घातलेला पाय घाल, बोटं पुढच्या भिंतीला हलकी टेकतील एवढं पाऊल पुढं सरकव, गुडघा थोडा वाक आणि टाचेमागं किती जागा उरते ते बघ. दीड सेंटीमीटरच्या आसपास असेल, म्हणजे एक बोट आरामात आणि दुसरं जेमतेम जाईल, तर छान. दोन सेंटीमीटरपर्यंत शिकणाऱ्याला चालतं. त्याच्या वर गेलं, तीन बोटं गेली, तर बूट परत कर, कितीही मोकळं वाटू दे. लायनर मऊ असतो, तो पहिल्या मिनिटाला कुठल्याही पायाला खोटं सांगतो, शेलला खोटं बोलता येत नाही.

नंतर लायनर घालून पूर्ण बूट चढव. इथं घाबरायचं नाही, पाय आत जाताना त्रास होणारच. कासार हात दाबून दाबून बांगडी चढवतो ना, सहज सरकली तर ती मापाची नसतेच, तसंच आहे हे. शेलचे दोन्ही काठ हातानी बाहेर ओढून धर, जीभ पुढं वर खेच आणि पाय सरळ खाली दाब. बूट बाहेर गारठ्यात ठेवलेले असतील तर आधी गरम खोलीत आण, गार प्लास्टिक लाकडासारखं होतं. पाय आत गेला की टाच दोनदा जमिनीवर आपट म्हणजे ती मागच्या खोबणीत बसेल, आणि बकलं लावताना आधी घोट्याच्या वरचं लाव, मग सगळ्यात वरचं, आणि पंज्यावरची दोन सगळ्यात शेवटी, तीपण नुसती बंद होतील एवढीच. पंज्यावरची बकलं पाय आवळायला नसतात, शेल मिटवायला असतात. बकलाची तार गोल फिरवून एकेक मिलिमीटर कमीजास्त करता येतं, हे भाड्यानी घेणाऱ्या निम्म्या लोकांना माहीतच नसतं.

आता सरळ ताठ उभी राहा. बोटं पुढं टेकतील. ठीक आहे. आता गुडघे पुढं दाब, नडगी बुटाच्या जिभेवर टेकेल एवढं, आणि बघ, टाच मागं सरकून बोटं मोकळी झाली पाहिजेत. आत बोटं जरा हलवता आली पाहिजेत, पण टाच उचलायचा प्रयत्न केला तर उठता कामा नये. एवढं जमलं तर बूट तुझा. निदान १५ मिनिटं त्यात उभी राहा, इकडंतिकडं फिर. सगळ्या बाजूंनी सारखा दाब हवाच, पण एकाच ठिकाणी खिळा टोचल्यासारखं होत असेल, किंवा बोटांना मुंग्या येऊन त्या जातच नसतील, तर तो घट्टपणा नाही, तो चुकीचा आकार आहे, दुसऱ्या मॉडेलचा बूट माग.

करंगळीचं म्हणशील तर बुटाची रुंदी वेगळी मोजतात, त्याला लास्ट म्हणतात. ९७-९८ मिलिमीटर म्हणजे अरुंद, १०० मधला, १०२ आणि पुढं रुंद. हा आकडा साधारण २६.५ साइझला धरलेला असतो, म्हणजे २४ च्या बुटात प्रत्यक्ष रुंदी आणखी कमी. आपली चपलेची सवय, बोटं पसरलेली असतात, त्यामुळे रुंद लास्ट बऱ्याच जणांना लागतो. सुदैवानं भाड्याचे बूट बहुतेक रुंदच असतात. पण रुंदी मिळावी म्हणून लांबी वाढवायची नाही, हीच चूक सगळ्यात जास्त होते. (स्वतःचा बूट असला तर जाणकार फिटर प्लास्टिक गरम करून करंगळीपाशी एवढासा फुगवटा काढून देतो. भाड्याच्या बुटाला ते कोण करणार.)

वरचा काठ पोटरीत रुतत असेल तर लेडीज मॉडेल आहे का विचार. आपल्या पोटरीचा जाड भाग जरा खालपर्यंत येतो, म्हणून त्या बुटांची मागची बाजू ठेंगणी ठेवतात.

मोजा एकच. गुडघ्याखालपर्यंत येणारा, पातळ, लोकरीचा किंवा सिंथेटिक, सुती अजिबात नको, तो घाम धरून ठेवतो. सुरकुती एकही नको. थर्मलची पँट बुटात खोचायची नाही, ती वर ओढून घ्यायची, नाहीतर शिवणीचा वळ नडगीवर दिवसभर रुततो. दोन मोज्यांनी पाय गरम राहत नाही, रक्त फिरलं तर राहतो.

आणि मधेच बूट बदललास तर एक गोष्ट सांगायला विसरू नकोस. टाचेच्या बाजूला शेलवर २८५, २९५ असा मिलिमीटरचा आकडा छापलेला असतो, ती तळाची लांबी. त्यावर आणि तुझं वजन, उंची, वय, किती येतं यावर बाइंडिंग लावलेलं असतं, म्हणजे पडल्यावर स्की पायातनं सुटायचा जो खटका असतो तो. बूट बदलला की तो परत लावून घ्यायलाच हवा. न सुटलेली स्की गुडघा पिरगाळते.

प्रश्न: माझा मुलगा ११ वर्षांचा आहे, जानेवारीत आम्ही औलीला जातोय. पाय झपाट्यानं वाढतोय त्याचा, म्हणून विचार करतोय की स्वतःचेच बूट घ्यावेत आणि दोन नंबर मोठे घ्यावेत, म्हणजे तीन वर्षं बघायला नको. होटगी रोडवरचे बाकी दोन पालक पण असंच म्हणतायत. बरोबर आहे ना?

उत्तर: दादा, नका घेऊ. शाळेच्या युनिफॉर्मला हा हिशोब चालतो, कारण ढगळ शर्टानं कुणी पडत नाही. ढगळ बुटात पोराला स्की वळवताच येत नाही, ते मग घाबरून मागं रेलतं, मागं रेललं की ताबा जातो, आणि दोन दिवसांत "मला नाही करायचं" म्हणून बसतं, आणि आपण म्हणतो पोरालाच आवड नाही. मुलांना शेलमध्ये टाचेमागं दोन सेंटीमीटरपर्यंत जागा चालेल, वाढीचा विचार त्यातच झाला. दर वर्षी भाड्यानी घ्या, वर्षातले सात-आठ दिवस तर वापर आहे. मुलांचा बूट मऊच हवा, त्यानी गुडघा पुढं दाबला तर बूट वाकताना डोळ्यांना दिसला पाहिजे. आणि मुलगा "दुखतंय" म्हणाला की लगेच मोठा नंबर आणू नका, आधी बूट काढून मोजा बघा, दहात आठ वेळा मोज्याची घडी नाहीतर आत खोचलेली पँट निघते.

प्रश्न: मी ५६ वर्षांचा, चादरीच्या कारखान्यात उभ्यानं काम करण्यात आयुष्य गेलं. १२ वर्षं शुगर आहे, गोळ्या आणि रात्री इन्शुलिन. रोज कंबर तलावाला फेऱ्या मारतो, तब्येत ठणठणीत. मुलगी गुलमर्गला नेतेय, म्हणते बाबा तुम्ही पण दोन दिवस स्की करा. घट्ट बूट माझ्या पायाला चालेल का?

उत्तर: काका, तुमच्या उत्साहाला खरंच नमस्कार. पण तुमच्या बाबतीत बुटाच्या आधी पाय बघायचा. निघण्याआधी डॉक्टरांकडून तळव्याची संवेदना तपासून घ्या, ते नायलॉनची बारीक काडी टेकवून बघतात, दोन मिनिटांचं काम आहे. वरच्या उत्तरात मी सगळीकडं "टोचलं तर बूट बदला" म्हटलंय, पण बऱ्याच वर्षांच्या शुगरमध्ये टोचलेलं कळतच नाही, आणि स्कीच्या बुटात, तेही थंडीत, न कळलेला फोड जखमेपर्यंत जातो. संवेदना कमी आहे असं निघालं तर मी स्पष्टच सांगेन, स्कीचा हट्ट धरू नका, गोंडोलात, म्हणजे तिथल्या केबल कारमध्ये, बसून वर जा, बर्फ बघा, मुलीला स्की करताना बघा.

पाय ठीक आहेत असं डॉक्टर म्हणाले तर जरूर करा. सलग तासाभरापेक्षा जास्त बूट पायात ठेवू नका, बाहेर आलं की मोजा काढून उजेडात तळवा, टाच आणि बोटांच्या मधल्या फटी बघायच्या, स्वतःला दिसत नसेल तर मुलीला सांगा. लाल झालेली जागा पाच-दहा मिनिटांत फिकी पडली नाही तर त्या दिवसापुरती स्की बंद. बुटात घालायच्या गरम पुड्या मिळतात त्या तुम्ही अजिबात वापरायच्या नाहीत, न कळता भाजतं. इन्शुलिन बॅगेत बाहेर ठेवू नका, शर्टाच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेला, कारण एकदा गोठलेलं इन्शुलिन वितळल्यावर वापरता येत नाही. खिशात चिक्की ठेवा, या कष्टात शुगर एकदम उतरते. आणि आपलं सोलापूर साडेचारशे मीटरवर, गुलमर्ग २,६५० च्या आसपास, तेव्हा पहिला दिवस नुसता चालण्यात घालवा.

प्रश्न: आतेभावाचे जर्मनीहून आणलेले स्कीचे बूट आमच्या पत्र्याच्या खोलीत पडून आहेत, १५-१६ वर्षं झाली असतील, दोनदाच वापरलेले, दिसायला नवे कोरे. घरी घालून बघितले, बसतात. वापरू का?

उत्तर: नाही. कमी वापरलेत हा मुद्दाच नाही, प्लास्टिक वयानं म्हातारं होतं, आणि तुमच्याकडं तर उन्हाळ्यात पत्र्याखाली किती तापत असेल ते तुम्हाला मी काय सांगू. असं शेल बाहेरून चकचकीत दिसतं आणि बर्फात जोर पडला की वाळक्या कवचासारखं फुटतं, उतारावर स्की करतानाच तुकडे पडल्याचे प्रकार झालेले आहेत. साधारण दहा वर्षांनंतर कुठलाही स्की बूट मी पायात घालणार नाही. शिवाय तुम्ही ते घरी घालून "बसतात" म्हणालात, पण सोलापूरच्या ३८-४० अंशांत प्लास्टिक मऊ असतं आणि पाय फुगलेले, तीच जोडी उणे पाच अंशांत वेगळीच लागते.

प्रश्न: मी जिमला जातो, वजन ९२ किलो, नवीनच शिकणार आहे. नेटवर बघितलं की चांगल्या बुटाचा फ्लेक्स १३० असतो. तोच घेऊ ना?

उत्तर: फ्लेक्स म्हणजे बूट पुढं वाकायला किती जोर मागतो तो आकडा, चांगला-वाईट असा त्याचा अर्थ नाही. नवशिक्यांना साधारण ६० ते ८० देतात, तुमचं वजन बघता ९०-१०० पर्यंत जायला हरकत नाही. १३० चा बूट वेगात, पूर्ण जोर टाकणाऱ्यांचा असतो, शिकणाऱ्याला तो वाकवताच येत नाही आणि न वाकणाऱ्या बुटात माणूस मागं पडतो. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताकडून एकटा उतरलेला आरिफ खान गुलमर्ग-टंगमर्गच्याच बाजूचा, तो ज्या स्लालममध्ये, म्हणजे खांबांमधून वळणं घेत उतरायच्या शर्यतीत, उतरतो तिथले बूट दगडासारखे कडक आणि पायाला चिकटलेले असतात, पण ते पाय लहानपणापासून बर्फावर आहेत. आकडा कंपनीगणिक बदलतो हेही आहेच, एकीचा १०० दुसरीच्या ९० सारखा लागतो.

त्यापेक्षा एक करून बघा. जमिनीवर उकिडवं बसा, टाचा टेकलेल्या. टाचा उचलल्या जात असतील तर तुमचा घोटा कमी वाकतो, जिम करणाऱ्यांचं हे होतं, आणि मग बुटात टाच वर येते. तसं असेल तर फिटरला सांगा, तो टाचेखाली छोटी पाचर घालून देतो.

प्रश्न: संध्याकाळी बूट आतून ओले होतात म्हणे. रात्री हिटरजवळ ठेवले तर चालतात का?

उत्तर: अगदी जवळ नको, बुखारीला (तिकडच्या खोलीतल्या शेगडीला) चिकटवून तर नकोच, लायनरचा फोम आकसतो आणि शेल वाकडं होतं. लायनर बाहेर ओढून काढा, तळव्याची पट्टी वेगळी करा, आत वर्तमानपत्र कोंबा, झोपायच्या आधी एकदा कागद बदला आणि खोलीत हातभर लांब ठेवा. सकाळी लायनर परत बसवताना टाच शेलच्या तळाशी नीट बसली का ते हात घालून बघा, आणि रिकामा बूट ठेवतानासुद्धा बकलं हलकी लावूनच ठेवा, उघडा राहिला तर शेल पसरतं आणि सकाळी पायाला वेगळंच लागतं.